कर्जतचा थांबा

शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही रेल्वे स्थानकंही इथलीच. मुरबाडवरून कल्याणचा रस्ता माळशेज घाटाकडे चढतो. या वाटांवर जटा वाढलेला, चिंध्यांवर चिंध्या चढवलेला कुणीतरी अधूनमधून दिसतो. गाव त्याला येडा म्हणून मोकळं होतं. एखादा टपरीवाला वडापाव देतो. असा माणूस अनेकदा इथला नसतोच. आजाराच्या भरात गाडीत बसलेला आणि कुठंतरी उतरलेला असतो.

अशांसाठी मुरबाडला लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यात, वेणगावला, २००६ पासून 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'चं केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत संस्था सुरू केली. रस्त्यावरचा एक तरुण करवंटीनं गटाराचं पाणी पिताना दिसला, त्याला त्यांनी उपचारांसाठी आणलं. बरा झाल्यावर कळलं, गडी पदवीधर, आंध्रातल्या चांगल्या घरचा!

इथली पद्धत साधी आहे. आधी अंघोळ, हजामत, जेवण, मग औषध. गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातात. डोकं निवळू लागलं की माणूस बोलू लागतो, आणि त्याच्या बोलीवरून मुलुखाचा अंदाज येतो. गावाजवळचं स्टेशन, बाजार, देऊळ असं एकेक निघत जातं. मग समाजसेवक त्याला सोबत घेऊन गाडीत बसतात, थेट दारापर्यंत. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं अशी घरी पोचली होती. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की संस्थेनं स्वतःला मुक्काम मानलं नाही.

पण ज्याला परतायला दारच नाही, किंवा आहे पण उघडत नाही, त्याचं काय? बरा झालेला माणूस केवळ पत्ता नाही म्हणून वॉर्डात वर्षानुवर्षं राहतो, याला उपचार म्हणता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क दिला, सहाय्यित निवासाची जबाबदारी सरकारवर टाकली. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं 'होम अगेन'मधून त्याचं रूप दाखवलं: वस्तीतलं भाड्याचं साधं घर, चार-पाच जणांचा संसार, मदतीला एक प्रशिक्षित बाई. स्वयंपाक, बाजारहाट, भांडणं सगळं घरच्यासारखं. रत्नागिरीतही हे काम पोचलं.

अडतं ते बहुधा शेजाऱ्यांपाशी. दहिसरला 'श्रद्धा'चं रुग्णालय झालं तेव्हा रहिवाशांचा विरोध उच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल संस्थेच्या बाजूनं लागला. शहापूर-मुरबाडात 'होम अगेन'सारखं घर मांडायचं तर औषधोपचाराला १९०१ पासूनचं ठाण्याचं मनोरुग्णालय आहे. बोलणी करावी लागतील ती घरमालकाशी, आळीशी आणि ग्रामपंचायतीशी.