लेकीकडे दुबईला जाताना

पुण्याच्या आसपासच्या गावांतली किती पोरं-पोरी आज दुबईत कामाला आहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचा जावई तिथे इलेक्ट्रिशियन, कुणाची लेक नर्स. मग कधीतरी फोन येतो, "आई, महिनाभर ये." समुद्रकाठचं ते शहर बघायचं मनात खूप असतं, पण आधी धास्तीच वाटते. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

पहिली गोष्ट पासपोर्टची. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. त्याला घाबरायचं कारण नाही. तो शेरा आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. लेकीला भेटायला जाताना वेगळी परवानगी लागत नाही, व्हिसा आणि परतीचं तिकीट मात्र जवळ हवं. पन्नाशी ओलांडली असेल तर तो शेरा येतही नाही.

इथेच एक सांगतो. कुणी एजंट म्हणाला, "भेटीच्या व्हिसावर चला, तिकडे घरकाम लावून देतो," तर त्याच्या नादी लागू नका. भेटीच्या व्हिसावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे. पगार बुडाला तर दाद मागायलाही बाई कचरते. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलं, तर दिवसाला 50 दिरहम दंड होतो. एक दिरहम म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये, हिशेब तुम्हीच करा.

आता पिशवी भरायची. आपण काय नेतो? चकल्या, लाडू, मसाला, लेकीच्या आवडीचे अनारसे. तर ऐका, खसखस अजिबात न्यायची नाही. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. सुटी नाही, अनारशावर लावलेली नाही आणि काळ्या मसाल्यात कुटलेलीही नाही. थोडीशी खसखस सापडली म्हणूनही माणसं तिथे अडकली आहेत. मसाला घरचाच न्यायचा असेल, तर खसखस वगळून वेगळा कुटा. औषधांचंही तसंच आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल, आणि या दोन्हींवर तिथे निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, नावं लेकीला आधी कळवा आणि परवानगी लागते का ते तिला बघायला सांगा.

सोनं जपून. अंगावर भारी दागिने असतील तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून त्यांचं प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना "हे तिकडून आणलं का?" असं कुणी विचारणार नाही. दुबईचं सोनं स्वस्त म्हणून चार बांगड्या आणायचा बेत असेल, तर ध्यानात ठेवा, सोन्याची करसवलत वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्यांना मिळते. महिनाभर जाऊन येणारीला नाही.

एवढं झालं की फिरायला मोकळ्या! जायचं नोव्हेंबर ते मार्चमध्ये. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि दमट हवेने जीव नकोसा होतो.

लेक आधी बुर्ज खलिफा दाखवेल. 828 मीटर उंच, 2010 साली उघडलेला. वर जायचं तिकीट महाग आहे. आमच्या मते खालून मान वर करून बघितला तरी चालतं. खरं शहर खाडीवर आहे. बर दुबईहून देऱ्याला लाकडी होडी जाते, तिला 'अब्रा' म्हणतात. भाडं फक्त एक दिरहम. पलीकडे उतरलं की मसाल्यांचा बाजार, हळद-लवंगांचा वास, आणि पुढे सोन्याचा बाजार. दुकानदार हिंदी बोलतात, भाव करायला लाजू नका.

याच खाडीतून मुंबईशी मोत्यांचा व्यापार चालायचा. तेल नंतरचं, ते 1966 मध्ये सापडलं. त्याच सालापर्यंत तिथे रुपया चालत होता! रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी खास नोटाही काढल्या होत्या.

अलीकडच्या काठावर अल फहिदी म्हणून जुनी वस्ती आहे, ती चुकवू नका. घरांवर चौकोनी मनोरे दिसतात. चारही बाजूंनी वारा धरायचा आणि तो खालच्या खोलीत सोडायचा, अशी त्यांची रचना. वीज नसताना माणसं त्या उन्हात कशी राहिली, ते तिथे कळतं. आपल्या वाड्यांच्या चौकाची आठवण होईल.

लेक-जावई कामावर गेले तर घरात कोंडून बसायची गरज नाही. मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. 'नोल' नावाचं कार्ड मशिनला लावायचं, की फाटक उघडतं. गाडीत खायचं-प्यायचं मात्र नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, 100 दिरहम दंड आहे. अनोळखी माणसांचे, त्यातही बायकांचे, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, तो तिथे गुन्हा ठरू शकतो. देवदर्शनाला जेबेल अलीला जा, 2022 मध्ये तिथे मोठं हिंदू मंदिर उघडलं आहे.

आणि हो, लेकीच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी कधी दगा देईल, सांगता येत नाही.