सालवार कातळ

एटना ज्वालामुखीवर कोणत्या बाजूने चढायचं, हे आदल्या रात्री ठरत नाही. सिसिलीतल्या कातानिया शहरात सकाळी साडेसातला गाडी दाराशी आली तेव्हाही आमच्या गाईडने ते ठरवलं नव्हतं. तिने हात मिळवला, नावं विचारली, आणि बोलता बोलता तिची नजर आमच्या बुटांवर गेली. माझ्या ताईला तिने पाय उचलून बुटाचा तळ दाखवायला लावला. खाचा खोल आहेत, घोटा झाकला जातोय, एवढं पाहून मान डोलावली. मग तिच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल विचारलं: चढताना दुखतो की उतरताना? ताई म्हणाली, उतरताना. गाईडने ते फक्त ऐकून घेतलं, पण दिवसभराची वाट त्या एका उत्तरावर बेतलेली होती, हे दुपारी कळलं.

त्यानंतर तिने फोनवर एक आलेख उघडला. इटलीच्या भूभौतिकी आणि ज्वालामुखीशास्त्र संस्थेची वेधशाळा कातानियातच आहे. एटनाच्या अंगावर पेरलेल्या यंत्रांत डोंगराच्या पोटातली सततची थरथर नोंदली जाते आणि तिचा आलेख ही संस्था सर्वांसाठी खुला ठेवते. आत लाव्हा हलू लागला, वायू सुटू लागला की रेषा वर चढते. कधी काही तासांत, कधी त्याहूनही लवकर. त्या दिवशी ती सपाट होती. गाईडने फोन खिशात टाकला आणि रस्त्याच्या टोकाशी जाऊन वर पाहिलं. माथ्यावरचा पांढरा धूर दक्षिणेकडे कलला होता. म्हणजे केबल कार जिथून वर जाते त्या दक्षिण बाजूला वायू उतरणार. “आपण ईशान्येकडून जाऊ,” ती म्हणाली.

खासगी सहलीचे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो, ते इथे समजतं. दक्षिणेकडे १,९१० मीटरवर रिफुजो सापिएन्झा हा तळ आहे. तिथून केबल कार साधारण २,५०० मीटरपर्यंत नेते आणि मोठे गट बहुतेक त्याच वाटेने जातात. बसभर माणसांचा बेत वाऱ्याबरोबर फिरवणं अवघड असतं. आम्ही दोघीच होतो, त्यामुळे तिने डोंगराची बाजूच बदलली. जित्या ज्वालामुखीवर जायचं तर खर्च करण्यासारखी गोष्ट हीच आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. जेवणाचा डबा आणि वाईनची चव या गोष्टी दुय्यम.

इटलीत हे काम हौशीचं नाही. डोंगरातल्या मार्गदर्शकांच्या व्यवसायासाठी १९८९चा स्वतंत्र कायदा आहे आणि ज्वालामुखीवरच्या मार्गदर्शकांची त्यात वेगळी नोंद आहे. दोर, बचाव, बर्फ यांच्याबरोबरीने त्यांना खडक आणि वायूही शिकावे लागतात. एटनाच्या वरच्या भागात कुठवर जायचं, कुणासोबत जायचं, याचे आदेश डोंगराच्या स्थितीप्रमाणे स्थानिक पालिका काढतात आणि बदलतात. आमच्या गाईडला त्या दिवसाचा आदेश तोंडपाठ होता.

झाफेराना, मिलो, फोर्नात्सो अशी गावं मागे टाकत रस्ता चढू लागला. द्राक्षमळे, चेस्टनटची झाडं, काळ्या दगडांचे बांध. मध्येच झाडं तुटायची आणि दोन्ही बाजूंना थिजलेल्या लाव्हाचा, नांगरून टाकल्यासारखा काळा, खडबडीत पट्टा यायचा. इथली माणसं त्याला ‘शारा’ म्हणतात. प्रत्येक पट्ट्यापाशी गाईड त्याच्या उद्रेकाचं साल उच्चारायची. एकोणऐंशी. एकाहत्तर. पन्नास. ही नावंच आहेत त्या खडकांची. रस्ता विचारतानाही लोक सांगतात, ‘एकाहत्तरच्या पुढे डावीकडे.’

आम्ही सह्याद्रीत हिंडणारी माणसं. आमच्या पायाखालचा कातळही लाव्हाच आहे, हे शाळेपासून माहीत असतं. पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला साल नाही. राजगडाच्या वाटेवर बसून ‘हा कातळ कधीचा’ असं कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारलंच तरी उत्तर ऐकून मनात चित्र उभं राहत नाही. इथे मात्र ताईने एका दगडावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, की हा दगड तिच्याहून लहान आहे.

रिफुजो चितेल्ली साधारण १,७५० मीटरवर आहे. तिथून सेराकोत्सोची वाट निघते. सुरुवातीला बर्चचं रान लागतं. एटनाचा हा बर्च फक्त याच डोंगरावर वाढतो. खोड पांढरंशुभ्र, जमीन काळी, आणि ऑक्टोबरमुळे पानं पिवळी पडलेली. गाईड पुढे, पण वेग ताईचा. गाईड मागे वळून बघत नसे. बुटांच्या आवाजावरून अंतर ओळखायची. आवाज मंदावला की एखाद्या झाडापाशी थांबून काहीतरी दाखवायची, म्हणजे मागे राहिलेल्याला आपल्यासाठी थांबलेत असं वाटत नाही. ही तिची रीत मी दिवसभर पाहत होते.

एका थांब्यावर तिने राखाडी बुरशीसारखं काही दाखवलं. ते दगडफूल. थंड झालेल्या लाव्हावर सगळ्यांत आधी तेच येतं. ते खडकाला हळूहळू पोखरतं, त्याच्या कुजलेल्या अंगावर धूळ साठते, धुळीत मॉस, मग गवत. दक्षिणेपेक्षा या ओल्या बाजूला ते लवकर पसरतं. कोवळा लाव्हा काळा दिसतो आणि जरा जुना राखाडी, त्याचं कारण हेच. नकाशा नसला तरी दगडफुलाच्या रंगावरून कोणता प्रवाह आधीचा, कोणता नंतरचा, हे ती लांबूनच सांगत होती. वर एका ठिकाणी काटेरी झुडपांच्या गोल उशा जमिनीला चिकटून होत्या. सरकत्या राखेत मुळं घट्ट धरणारी ही झुडपं. त्यांच्या काट्यांच्या आडोशाने दुसरी नाजूक रोपं जगतात. त्यांवर पाय पडू नये म्हणून ती आम्हाला वळसा घालून न्यायची.

मी एक दगड उचलला. हाताला अपेक्षेपेक्षा हलका लागला. सगळीकडे भोकं. लाव्हात विरघळलेला वायू बाहेर पडताना बुडबुडे धरतो आणि थिजताना त्यांच्या जागा राहून जातात. अशी भोकं मी नाशिक-पुण्याकडे असंख्य वेळा पाहिलीत, पण तिथली भरलेली असतात. कोट्यवधी वर्षं झिरपलेल्या पाण्याने त्यांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं बसवलीत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती काचेआड मांडलेली आहेत. हातातल्या दगडातली भोकं मात्र रिकामी होती, कडा धारदार. आपल्या कातळाचं बालपण असंच असणार, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. दगड मी जागेवर ठेवला. हे संरक्षित प्रादेशिक उद्यान आहे आणि २०१३पासून जागतिक वारसा. इथून काही न्यायचं नसतं.

पुढे वाटेतच गुहेचं तोंड आलं. गाईडने पिशवीतून हेल्मेट काढली, पट्टे स्वतः आवळले, दिवे तपासले. सेराकोत्सोची ही गुहा १९७१च्या उद्रेकातली. वाहत्या लाव्हाचा वरचा थर हवेने थिजतो, आतला वाहत राहतो, आणि मागून येणारा पुरवठा संपला की आतला निघून जातो. मागे पोकळ नळी उरते. छताला थिजलेल्या थेंबांची छोटी टोकं होती. दोन्ही भिंतींवर आडव्या कडा होत्या, नदीचा पूर ओसरत गेल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याच्या रेघा राहतात तशा. प्रवाह कुठे किती वेळ थांबला, ते त्या कडांवरून ती वाचून दाखवत होती.

मग तिने आम्हाला दिवे विझवायला सांगितले आणि अंधारातच एक प्रश्न विचारला: नळीतला लाव्हा लांब जाईल की उघड्यावरचा? नळीतलाच. छताखाली त्याची उष्णता टिकते, म्हणून तो गावांपर्यंत पोहोचतो. १९९१च्या डिसेंबरात सुरू झालेला उद्रेक ४७३ दिवस चालला आणि अशाच नळ्यांमधून लाव्हा झाफेरानाच्या वेशीकडे सरकत राहिला. मातीचे बांध घातले, ते तो ओलांडून गेला. शेवटी मे १९९२मध्ये वर, डोंगरातच, नळीची भिंत सुरुंगांनी उडवली आणि लाव्हा शेजारी खोदलेल्या चरात वळवला. तो उघड्यावर आला, निवू लागला, खालच्या तोंडाचा जोर ओसरला. गाव वाचलं. सकाळी ज्या झाफेरानात आम्ही कॉफी प्यायलो होतो, तेच. ही गोष्ट मी आधी वाचली होती, पण त्या छताखाली उभं राहिल्यावरच ती समजली.

गुहेनंतरची चढण मुरमाड. मग झाडं संपली, वारा अंगावर आला, आणि सोंडेच्या धारेवरून पलीकडे एकदम जमीनच नव्हती. व्हाले देल बोव्हे. डोंगराच्या पूर्वेचा कित्येक किलोमीटर रुंद भाग खचून झालेली ही दरी. काही ठिकाणी कडे हजार मीटरपर्यंत उंच. तळ सगळा काळा, एकावर एक प्रवाहांचा. माथ्याच्या आग्नेय विवरातून निघणारा बराचसा लाव्हा याच दरीत उतरतो आणि इथेच पसरून थिजतो, म्हणून खालची गावं निवांत झोपतात. कड्यांमधून उभ्या भिंती बाहेर आलेल्या दिसत होत्या: जुन्या भेगांत घुसून थिजलेला लाव्हा. भोवतालचा मऊ खडक झिजला आणि या भिंती उरल्या. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून मैलोन्‌मैल जाणाऱ्या काळ्या दगडी रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना त्या ओळखीच्या वाटतील. घडण्याची रीत तीच.

वर माथा दिसत होता. चार मुख्य विवरं, आणि त्यांतलं सर्वांत उंच कोणतं हे बदलत राहतं. २०२१मध्ये आग्नेय विवराच्या कडेची उंची ३,३५७ मीटर मोजली गेली. २०२४च्या उन्हाळ्यात व्होराजिने विवराने तिला मागे टाकलं. पर्वताची उंची ही कायमची गोष्ट असते, हा माझा समज इथे चालत नव्हता.

मी विचारलं, अजून वर जाता येईल का. तिने नाही म्हटलं आणि कारणं सांगितली. आवाज न चढवता, पण काही न लपवता. सप्टेंबर १९७९मध्ये बोक्का नुओव्हा या विवराच्या कडेशी लाव्हाचा प्रवाह नव्हता, इशारा नव्हता. अचानक स्फोट झाला आणि नऊ पर्यटक गेले. मार्च २०१७मध्ये लाव्हा बर्फावर सरकला, खालचं बर्फ वाफ होऊन फुटलं आणि बघायला गेलेली माणसं जखमी झाली. त्यांत बीबीसीचे लोकही होते. २ जून २०२५ला आग्नेय विवराची एक कड ढासळली, तापलेल्या राखेचा लोट उतारावरून खाली आला, आणि वाटेवरची माणसं पळत सुटली. त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही. “लोक लाव्हाला घाबरतात,” ती म्हणाली. “लाव्हाच्या पुढे चालत जाता येतं. मी घाबरते ते स्फोटाला, वायूला आणि ढगाला.”

ढग तेवढ्यात आलाच होता. खाली आयोनियन समुद्राकडून एक पांढरी पट्टी दरीच्या तोंडात शिरली होती. आम्हाला ती सुंदर वाटली. तिने घड्याळ पाहिलं आणि डबे आवरायला सांगितलं. ढगात या धारेवर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि राखेवर वाट उमटत नाही. अर्धं सँडविच हातात घेऊनच आम्ही निघालो.

उतरायची वाट वेगळी होती. सकाळच्या त्या एका उत्तराचा अर्थ आता उलगडला. दगडी वाटेऐवजी तिने आम्हाला काळ्या खड्यांच्या लांब घसाऱ्यावर आणलं. सह्याद्रीत घसारा म्हटला की पोटात गोळा येतो. खाली कातळ, वर सुटी माती, पाय सटकला की गेलाच. इथे खडे घोट्यापर्यंत खोल. तिने करून दाखवलं: अंग थोडं मागे, टाच आधी, गुडघा सैल, आणि घसरणं थांबवायचं नाही, पावलाबरोबर घसरू द्यायचं. ताई पहिली काही पावलं माझा हात धरून होती. मग तिने हात सोडला. प्रत्येक पाऊल खाली सरकत मऊ थांबत होतं, गुडघ्यावर धक्का नव्हता. चढायला तास लागला ती उंची आम्ही काही मिनिटांत उतरलो आणि ताई खाली उभी राहून मोठ्याने हसत होती.

गाडीपाशी बूट उलटे करून खडे काढताना गाईडने आमच्या डोंगराबद्दल विचारलं. मी खनिजांनी भरलेल्या भोकांचं सांगितलं. तिने फोटो पाठवायला सांगितला. पुण्याला आल्यावर पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: दगड प्रवाहाच्या माथ्याचा की तळाचा? बुडबुडे वर चढतात, त्यामुळे माथ्याकडे भोकं जास्त, तळाकडे कमी. सुट्या दगडाच्या फोटोवरून ते सांगता येत नव्हतं.

आपल्या घाटात ते सांगता येतं. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो. खालचा लाव्हा उघडा पडून कुजला तेव्हाची ती माती, वरच्या लाव्हाने भाजलेली. पट्ट्याच्या लगेच खाली जुन्या प्रवाहाचा माथा. वरंधा घाटात असा पट्टा शोधून, त्याखालच्या कातळाचा जागेवरचा फोटो तिला पाठवायचं मी कबूल केलंय. पाऊस उघडला की ताईला घेऊन जाणार आहे.