आमवात आणि कोरडी त्वचा

गोव्याची हवा वर्षाचा बराचसा काळ दमट असते. त्यामुळे त्वचा कोरडी पडणे ही घाटावरच्या लोकांची तक्रार होय, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आमवाताच्या रुग्णांच्या बाबतीत मात्र तो खरा ठरत नाही. हिवाळ्यात घाटाकडून कोरडे वारे वाहू लागले की त्यांच्या नडग्यांवर कोंडा सुटतो, बोटांना चिरा पडतात, टाचा फुटतात. दुखऱ्या सांध्यांच्या मानाने ही बाब किरकोळ समजून डॉक्टरांना सांगितली जात नाही. वस्तुतः ती किरकोळ नाही.

आमवात, म्हणजेच रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयोमानाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेहून वेगळा विकार आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा विकार होता व त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या. भांडी, धुणे आणि स्वयंपाक यांमुळे ज्यांचे हात सतत पाण्यात व साबणात असतात, त्यांच्याच वाट्याला हा विकार अधिक येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोरडेपणाची कारणे

या रुग्णांची त्वचा कोरडी पडण्यास अनेक कारणे असतात. लेफ्लुनोमाइडसारख्या काही औषधांनी कोरडेपणा येऊ शकतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास त्वचा पातळ होते व सहज सोलवटते. काही रुग्णांना आमवाताच्या जोडीला शोग्रेनचा विकार होतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. यात डोळे व तोंड यांबरोबर त्वचाही शुष्क होते. म्हणून डोळ्यांत खडा गेल्यासारखे खुपत असेल, किंवा पाण्याच्या घोटाशिवाय कोरडा घास गिळवत नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

चौथे कारण आपल्या न्हाणीघरात आहे. सकाळी आखडलेले सांधे मोकळे करण्यासाठी रुग्ण भाणातील कढत पाणी अंगावर घेतो. सांध्यांना आराम वाटतो, परंतु त्याच पाण्याने त्वचेतील नैसर्गिक स्निग्धांश धुऊन जातो.

भेग म्हणजे उघडे दार

आमवातावरील मेथोट्रेक्सेटसारखी अनेक औषधे रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालूनच गुण देतात. अशा वेळी त्वचेला पडलेली बारीक भेग ही जंतूंना उघडे दार ठरते. निरोगी माणसाची जी चीर चार दिवसांत भरून येते, ती या रुग्णाला चिघळून त्रास देऊ शकते. त्वचा मऊ राखणे हा या रुग्णांच्या बाबतीत केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून उपचाराचाच एक भाग आहे, तो या कारणाने.

काय करावे

स्नानाचे पाणी कढत नसावे, कोमट असावे. स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. सौम्य साबण काखा, जांघा व पावले यांपुरताच वापरावा. अंग खसखसून न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा सुवास नसलेले जाडसर मलम लावावे. ओलावा टिकवून धरण्याचे काम ते करते. मलम बोटांवर हलक्या हाताने चोळताना आखडलेल्या सांध्यांची हालचालही होते.

घरोघरी असलेले खोबरेल तेलही चालेल. मात्र ते सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते. थंडीत अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते काढणे दुखऱ्या बोटांना जमत नाही आणि मग लावणेच राहून जाते. यासाठी तेल व मलम रुंद तोंडाच्या, सैल झाकणाच्या बरणीत ठेवावे. पाठीला व पावलांना लावण्याचे काम घरातील माणसांनी आपणहून करावे. तळपायांना तेल लावून लगेच चालू नये. पाय घसरून पडण्याचा धोका असतो. भांडी घासताना आत सुती व वर रबरी हातमोजे घालावेत. भेगा पडलेल्या जागी वेदनाशामक बाम चोळू नये.

काय करू नये

त्वचा कोरडी पडते म्हणून आमवाताची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. ‘वातावरची पुडी’ म्हणून मिळणारी, घटकांची नोंद नसलेली औषधे घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

भेगेभोवती लाली, ऊब, सूज वा पू दिसल्यास, ताप आल्यास किंवा जखम भरत नसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. खवले धरणारे लालसर चट्टे दिसले तर तेही दाखवावेत. सोरायसिसबरोबरही सांधेदुखी होते व त्याचे उपचार वेगळे असतात. म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत, तसेच बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढील तपासणी करून घेता येते.

पुढील खेपेस डॉक्टरांकडे जाताना रुग्णांनी सांध्यांबरोबर आपले तळहात आणि टाचाही दाखवाव्यात, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.