घरच्या बैठकीतील मायक्रोफोन

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. त्यात शिरेल तेवढाच स्वर तबकडीवर उमटे. त्यासाठी कर्ण्याशी तोंड नेऊन, आवाज चढवून, सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. १९२५ पासून विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि गळ्यावरचा हा जुलूम ओसरला. आज एखाद्या शिष्याला सत्तरी ओलांडलेल्या गुरूंचे गाणे त्यांच्याच घरी टिपून ठेवावयाचे असेल, तर त्याच्यापुढे मायक्रोफोनांची रीघ लागते. मात्र निवड चुकली, तर पुढची पिढी ज्या आवाजावरून शिकेल तो गुरूंचा नसेल.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रंगमंचावरील मायक्रोफोन बहुधा एका दिशेचेच ऐकणारे, हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचे असतात आणि ओठांशी धरण्यासाठी घडविलेले असतात. अशा मायक्रोफोनाजवळ गायिले की खालचे स्वर फुगतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो, मंद्र षड्ज सुमारे ६९ चा. नेमका हाच भाग फुगल्यामुळे वयाने विरळ झालेला खर्जही भारदस्त भासतो आणि तानेतील दाणे त्या गुंजनात बुडतात. श्रोत्यांना ते गोड वाटेल. शिकणाऱ्याची मात्र ती फसवणूकच होय.

म्हणून मायक्रोफोन दोन-अडीच हातांवरून, सौम्य स्वरही स्वच्छ ऐकणारा हवा. या कामी लहान पडद्याचा कंडेन्सर मायक्रोफोन सर्वांत भरवशाचा. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो; तो ध्वनिमुद्रण-यंत्रातून मिळतो की नाही, हे आधी पाहावे. त्याचा स्वतःचा खरखराट १५ डेसिबलच्या आत असला, तर विलंबित आलापातील शांतता शांतताच राहते. रिबन मायक्रोफोनाचा स्वर मृदू, आणि तो समोरून व मागून ऐकतो, पण कडेने जवळजवळ बहिरा असतो. ती कड तबल्याकडे केल्यास तबला आपोआप मागे सरतो. परंतु त्याचा संकेत फार क्षीण असल्याने साध्या यंत्रावर खरखर वाढते. घरगुती खटपटीत त्याचा मोह टाळलेला बरा.

खोलीचा विचार किमतीच्या आधी करावा. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत स्वर परतून येतो आणि अंतरावरचा मायक्रोफोन हा गोंगाटही टिपतो. पुस्तकांची कपाटे, जाजम, भिंतीशी टांगलेल्या जाड गोधड्या यांनी पुष्कळ काम भागते. खोली मूक असेल, तर चारी दिशांचे ऐकणारा मायक्रोफोन घ्यावा. त्यात जवळिकीचा तो फुगवटा मुळीच नसतो आणि तानपुऱ्याची जवारी सहज येते. खोली घुमणारी असेल, तर हृदयाकृतीच बरा, मात्र तोही हाताभराहून जवळ आणू नये.

बैठक जमिनीवर असते, तेव्हा घोडीही बुटकीच हवी. तिच्याखाली घोंगडी घडी करून ठेवली म्हणजे ठेक्याचे हादरे फरशीतून चढत नाहीत. मायक्रोफोन तोंडाच्या रेषेत न ठेवता किंचित वर, हनुवटीकडे रोखलेला ठेवला, तर ‘प’, ‘भ’ यांच्या फुंकरी चुकतात.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणापूर्वी गुरूंनी मंद्रातला एक आलाप व तारसप्तकातली एक तान गावी आणि ती हेडफोनने त्यांनीच ऐकावी. आपला खर्ज अतिरिक्त वाटला तर मायक्रोफोन वीतभर मागे घ्यावा, तानपुरा दूर गेल्यासारखा वाटला तर तानपुराच पुढे सरकवावा. मग पंखा व फ्रीज बंद करून षड्ज लावण्यास सांगावे.