धीर देणाऱ्या कथा आणि नाशिकची ग्रंथपेटी

क्वीअर, म्हणजे रूढ लैंगिक चौकटीत न मावणाऱ्या, आणि अपंगत्वासह जगणाऱ्या तरुण वाचकाला स्वतःसारखे पात्र मराठी साहित्यात क्वचितच भेटते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने (१९८१) स्त्रीवर प्रेम करणारी नायिका रंगमंचावर आणली, पण तिची कहाणी शोकान्तच ठेवली; सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) मात्र तनय आपल्या प्रेमाची गोष्ट स्वतःच्याच आवाजात सांगतो, आणि हे या कादंबरीचे फार मोठे देणे आहे. क्वीअर असणे आणि अपंगत्व हे दोन्ही धागे खऱ्या अर्थाने जुळतात ते शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) या चित्रपटात: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवरील नियंत्रण कमी होण्याची अवस्था, असलेली लैला अंध खानुमच्या प्रेमात पडते आणि कथा दोघींनाही दयेचा विषय होऊ देत नाही.

अशा कथा हाती पडणेही तितकेच आवश्यक असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत पोहोचवते, ज्यामुळे ग्रंथालयाचा जिना चढू न शकणाऱ्यालाही पुस्तक जवळ मिळू शकते. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी, ना-नफा तत्त्वावर, पुस्तकाचे ब्रेल वा ध्वनिरूप प्रकाशकाच्या परवानगीविना करू देतो, मग ते ‘कोबाल्ट ब्लू’ का असेना.