साखरेची नक्षी



नाताळ जवळ आला म्हणजे शहरांतील बेकऱ्यांच्या कांचेच्या कपाटांतून एक प्रकारचीं बिस्किटें मांडलेलीं दिसतात. कोणतें चांदणीच्या आकाराचें, कोणतें घंटेच्या, कोणतें सुरूच्या झाडाच्या. आणि प्रत्येकावर पांढरा शुभ्र, गुळगुळीत, बोटाला न चिकटणारा असा साखरेचा मुलामा. मुलें तीं पाहून थबकतात आणि वडील मंडळी किंमत पाहून थबकतात. या मुलाम्याला रॉयल आयसिंग असें इंग्रजी नांव आहे. तो घरीं करावयाचा तर साहित्य अवघें तीन जिनसांचें : दळलेली साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब. असें असूनही पहिल्या खेपेस तो बहुधा साधत नाहीं. कोणाचा ओघळतो, कोणाचा वाळतच नाहीं, कोणाचा वाळून भेगाळतो. या साऱ्या तक्रारींचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुतेक वेळां पाण्याच्या हिशेबांत सांपडतें. आज त्या हिशेबाविषयीं, आणि त्याच ओघांत कच्च्या अंड्याविषयीं, आपणांशीं बोलावयाचें आहे.

नांवांतील ‘रॉयल’ या शब्दावरून हा लेप राजवाड्यांत जन्मला असेल असें वाटतें, आणि व्हिक्टोरिया राणीच्या विवाहाच्या केकशीं त्याचें नातें जोडण्याची प्रथाही आहे. तो विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजीं झाला. परंतु केकवर साखरेचा लेप देण्याची रीत त्याहून जुनी. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईंनीं १७६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकांत लग्नाच्या केकवर आधीं बदामाचा व मग साखरेचा असे दोन थर देण्याची कृति आलेली आहे. मुंबई व गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून ईस्टरला मार्झिपानच्या अंड्यांवर जी नाजुक वेलबुट्टी काढतात, तीही याच लेपाची.

आतां हिशेब. एका मध्यम अंड्यांत सुमारें ३० ग्रॅम पांढरा बलक निघतो, आणि त्याचा जवळ जवळ नऊ-दशांश भाग निव्वळ पाणी असतें. दोन अंड्यांचा बलक घेतला तर पाणी झालें ५४ ग्रॅम. त्यांत आपण ३५० ग्रॅम साखर घालतों. साधारण उष्णमानांत १०० ग्रॅम पाण्यांत सुमारें २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे आपल्या ५४ ग्रॅम पाण्यांत जेमतेम १०८ ग्रॅम विरघळेल. राहिलेली २४० ग्रॅम साखर विरघळूं शकतच नाहीं. ती अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें त्या दाट पाकांत तरंगत राहते, आणि म्हणूनच साखर वस्त्रगाळ हवी. घरच्या खलांत कुटलेली रवाळ साखर येथें चालत नाहीं. लेप वाळूं लागला म्हणजे पाणी उडून जातें, पाकांतील साखरेला द्रवरूपांत राहतां येत नाहीं, आणि ती त्या कणांमधल्या फटींतून स्फटिक होऊन बसते व त्यांना एकमेकांशीं सांधते. वाळूचे कण चुन्यानें सांधावे तसेंच हें. बलकांतील प्रथिनें घोटण्यानें आंत शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं पडदा धरतात. लेपाचा शुभ्रपणा व ताठपणा पुष्कळसा त्यामुळें येतो. लिंबाची आंबटाई तो फेस लवकर फुटूं देत नाहीं.

संक्रांतीचा काटेरी हलवा करणाऱ्या आपल्या आज्यांना हें शास्त्र हातांनीं ठाऊक होतें. मंद आंचेवर तिळाचे दाणे हलवीत राहावयाचें, पाकाचे चार थेंब टाकावयाचे, ते वाळले कीं पुन्हां चार. पाक एकदम अधिक पडला कीं आलेला कांटा बुडाला. येथें तिळाच्या जागीं बिस्किट आहे आणि आंचेच्या जागीं वारा, एवढाच काय तो फरक.

कृतीचें म्हणाल तर भांडें कांचेचें किंवा स्टीलचें घ्यावें आणि लिंबाच्या फोडीनें पुसून कोरडें करावें. प्लास्टिकच्या भांड्यास तुपातेलाचा ओशटपणा धरून राहतो, आणि स्निग्धतेचा अंश असला कीं फेस धरत नाहीं. बलकांत पिवळ्याचा थेंब पडला तरी तोच परिणाम. बलक थोडा फेसाळल्यावर चाळलेली साखर थोडी थोडी घालीत लांकडी चमच्यानें किंवा यंत्राच्या अगदीं मंद गतीनें घोटावें. गति वाढविली कीं हवा वाजवीपेक्षां अधिक शिरते आणि वाळलेल्या पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. चमचा उचलतां शेंडा उभा राहून किंचित् वांकला म्हणजे लेप कडेच्या रेघेस योग्य झाला. भांड्यावर ओलें फडकें घालून ठेवावें, नाहींतर दहा मिनिटांत साय धरते.

बटर पेपरचा कोन करून त्यांत हा लेप भरावा. ज्या घरांत मेंदीचा कोन वळतां येतो त्या घराला या कामीं दुसरी शिकवणी नको. आधीं कडेनें रेघ काढावी. मग उरलेल्या लेपांत अर्धा अर्धा चमचा पाणी मिसळून तो सैल करावा आणि मधली जागा भरावी. किती सैल? चमच्यानें त्याची धार त्याच लेपावर सोडावी व मनांत अंक मोजावे. दहाच्या सुमारास धारेची खूण पुसली गेली पाहिजे. पांचांत पुसली तर लेप पातळ झाला, साखर घाला. वीस झाले तरी दिसत असेल तर चार थेंब पाणी घाला. बिस्किट पुरतें निवलेलें असावें व वरून सपाट असावें. नानकटाईवर हा खेळ करूं नये; तिची पाठ भेगाळलेली असते आणि तिचें तूप पांढऱ्या लेपांतून वर येऊन पिवळे डाग पाडतें.

हा लेप चुलीवर चढत नाहीं. अंडें कच्चेंच पोटांत जातें, हें मात्र विसरतां येत नाहीं. साल्मोनेला नांवाचे जंतू कवचावर असतात तसेच कांहीं वेळां अंडें तयार होतांनाच त्याच्या आंत शिरलेले असतात, म्हणून कवच धुण्यानें काम भागत नाहीं. इंग्लंडांत १९८८ च्या डिसेंबरांत एका मंत्रिणीबाईंनीं अंड्यांतील या जंतूंविषयीं जाहीर विधान केलें, त्यावरून गदारोळ होऊन त्यांना पद सोडावें लागलें. पण पुढें तेथें कोंबड्यांना लस देण्याची व हमीच्या शिक्क्याची व्यवस्था आली. आपल्याकडे वाण्याच्या दुकानांतून सुट्या मिळणाऱ्या अंड्यांस असा शिक्का नसतो. लिंबू व साखर यांनीं जंतू मरतात ही समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे. साखरेंत ते वाढत नाहींत इतकेंच खरें. आधींचे असलेले कोरड्या लेपांतही तग धरूं शकतात. आणि हीं बिस्किटें खाणार कोण, तर लहान मुलें, आजीआजोबा, कदाचित् घरांतली गर्भवती सून. निरोगी माणसाला दोन दिवसांच्या जुलाबावर जें निभावतें तें यांना निभावेलच असें नाहीं. तेव्हां माझें मत स्पष्ट आहे : घरीं कच्चा बलक वापरूंच नये.

त्याऐवजीं पाश्चराइझ केलेल्या पांढऱ्या बलकाची पूड घ्यावी. ८ ग्रॅम पूड ५५ ग्रॅम पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें भिजवून गाळली कीं दोन अंड्यांचें काम होतें. मेरिंग पावडर म्हणून मिळते तींत साखर व पिष्ट मिसळलेलें असतें, तिचें प्रमाण पुड्यावर पाहावें. ज्या घरांत अंडें येतच नाहीं त्यांचीही सोय आहे. काबुली चणे मिठाशिवाय उकडल्यावर उरलेलें पाणी आटवून, निवल्यावर बलकाइतकें दाट करावें, तें फेसाळतें. २०१४ सालीं फ्रान्समधील जोएल रोएसेल यांनीं हा गुण दाखवून दिला. असें ६० ग्रॅम पाणी ३५० ग्रॅम साखरेस पुरतें. लेप वाळण्यास वेळ अधिक घेतो, पण चण्याचा वास राहत नाहीं.

रंग घालावयाचे तर खाण्याचे जेलरूप रंग घ्यावे. पातळ रंग म्हणजे पुन्हां पाणीच.

वाळविण्यास पंख्याखालीं एक रात्र द्यावी. पण ऋतु पाहावा. हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ च्या वर गेली कीं साखर स्वतःच ओलावा ओढून पाझरूं लागते, आणि मुंबईच्या आषाढ-श्रावणांत ही मर्यादा वरचेवर ओलांडली जाते. त्या दिवसांत वाढदिवस आला तर वातानुकूल खोलीचा आश्रय घ्यावा. वाळलेलीं बिस्किटें शीतकपाटांत ठेवूं नयेत. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें व रंग एकमेकांत उतरतात. पत्र्याच्या घट्ट झांकणाच्या डब्यांत, दोन थरांमध्यें बटर पेपर घालून ठेवल्यास तीं आठ दिवस सहज टिकतात.