मूडची वाट न पाहता

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात एक प्रयोग झाला. केंद्रात आलेल्यांपैकी ज्यांना बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असल्याचं प्रश्नावलीतून दिसलं, अशा ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. कामापुरतं प्रशिक्षण घेतलेली तिथलीच साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून वर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला.

त्या बैठकांत बालपण उकरून काढलं जात नव्हतं. रोख साध्या गोष्टींवर होता: पूर्वी काय करायचात, त्यातलं काय सुटलं, आणि या आठवड्यात त्यातलं थोडं तरी काय करता येईल?

या पद्धतीला बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात तिचा पाया घातला. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. भजनी मंडळ सुटतं, विणकाम पिशवीत पडून राहतं, बाजाच्या पेटीवर कपडे साठतात. त्या गोष्टींतून मिळणारा छोटा-छोटा आनंद बंद होतो, मन आणखी खचतं, आणि मग उरलेलंही करावंसं वाटत नाही. ‘मूड आला की करू’ असं आपण म्हणतो, पण नैराश्यात मूड आपणहून येत नाही. तो आला तर बऱ्याचदा कामामागून येतो. म्हणून काम आधी सुरू करायचं, तेही इतकं लहान की नाही म्हणायला लाज वाटावी.

रांगोळी यासाठी अगदी सोयीची आहे. कोरा कागद समोर आला की ‘काय काढू?’ या प्रश्नापाशीच खचलेलं मन अडतं. ठिपक्यांच्या रांगोळीत तो प्रश्न आधीच सुटलेला असतो. सात ते चार ठिपके म्हटलं की मधली ओळ सातची, वर-खाली सहा, पाच, चार. चिमटीतून पूड सोडताना अंगठा आणि तर्जनी किती दाबायची इकडेच लक्ष लागतं. दाब वाढला की रेघ तुटते, सैल पडला की पूड सांडते. चुकलं तर बोटाने पुसून टाकायचं. पंधरा-वीस मिनिटांत एक गोष्ट पूर्ण होते, आणि ज्या दिवशी काहीच पूर्ण होत नाही त्या दिवशी हे थोडं नसतं. शिवाय उद्या ती पुसलीच जाणार, त्यामुळे चांगली आली की वाईट याचा निकाल लावायचं कारण नाही. (फोटो काढून स्टेटसला ठेवला तर मात्र निकाल लागतो. उदास असताना कोणी-कोणी पाहिलं हे मोजत बसण्यासारखा वाईट उद्योग नाही.)

हात चांगला असावा लागतो का, हे अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६मध्ये तपासलं. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, स्केचपेन, चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. पूर्वी कला शिकलेल्यांत आणि न शिकलेल्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण ‘मला कुठे चित्रकला येते?’ या सबबीतली हवा तो काढून घेतो.

मनातलं दुःख कागदावर उतरवलं की मोकळं वाटतं, असा आपला पक्का समज असतो. तो सरसकट खरा नाही. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी मुलांना एखादा हिरमोड झालेला प्रसंग आठवायला लावला. मग काहींना तोच प्रसंग काढायला सांगितला, काहींना घर. घर काढणाऱ्या मुलांचा मूड जास्त सुधारला. लिहिण्याचंही असंच काहीसं आहे. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या खऱ्या, पण लिहून झाल्या-झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. तेव्हा आजची संध्याकाळ निभवायची असेल, तर स्वतःच्या दुःखापेक्षा समोरच्या कुंडीतल्या कोरफडीचं चित्र काढलेलं बरं.

गाण्यात आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सोबत. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांवर डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी इंग्लंडमध्ये दहा आठवड्यांचा प्रयोग केला. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यापैकी बाळाला घेऊन एकत्र गाणाऱ्या आया नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या. हे वाचताना जात्यावरच्या ओव्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेर, लेकीचं दुःख, विठोबा, सगळं त्यांत आहे. मात्र जात्याचं फार कौतुक करू नये. पहाटे उठून दळणं हे कष्टाचंच काम होतं आणि ते टाळायची सोय नव्हती. पण खुंट्याला दोघींचे हात असायचे आणि एकीची ओवी ऐकायला दुसरी समोर असायची, एवढं मात्र होतं.

घरच्यांनी या सगळ्याचा नवा फर्मानवजा सल्ला करू नये. ‘काहीतरी छंद लाव, बरं वाटेल’ हे ऐकून उदास माणूस आणखी मिटतो, कारण तेही जमत नाही याची त्यात भर पडते. त्यापेक्षा ‘मी वाटाणे सोलतोय, तू तोवर रेडिओ लाव’ हे चालतं. किंवा खडूचा डबा उघडून टेबलावर ठेवा आणि आपण आपल्या कामाला लागा.

आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, कामावर जाणं जमेना, तर रंग आणि सुई-दोऱ्यावर भागवू नये. डॉक्टरांना भेटावं. चालू गोळ्या कुठल्याही छंदाच्या भरवशावर बंद करू नयेत. जगणंच नको असं मनात येत असेल, तर वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगावं आणि टेलि-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.